जुन्या गाडीचे मीटर: उघडण्याआधी आणि उघडल्यावर

जुन्या गाडीचा मालक इंजिनासाठी हाताचा खात्रीचा मिस्त्री शोधतो, रंगासाठी पैसे बाजूला काढतो, सीटचं रेक्झिन मूळ छटेचं मिळावं म्हणून बाजार पालथे घालतो. डॅशबोर्डवरचे मीटर मात्र वर्षानुवर्षं बंद पडून राहतात. पेट्रोल किती आहे ते टाकीत काठी घालून बघायचं, वेग अंदाजाने धरायचा आणि इंजिन तापलं की नाही हे बॉनेटमधून वाफ आल्यावर ओळखायचं, अशी सवय लागून जाते. याच्या उलट काही उत्साही मंडळी असतात. गाडी दारात आली की पहिल्याच रविवारी ते मीटर काढतात, उघडतात, स्पिरिटच्या बोळ्याने डायल पुसतात आणि साठ वर्षं टिकलेले आकडे त्या बोळ्यावर उतरवून घेतात. माझ्या मते हे दुसरं नुकसान जास्त मोठं आहे. बंद मीटर केव्हाही चालू करता येतो, पुसला गेलेला मूळ डायल परत येत नाही.

म्हणून सगळ्यात आधी एवढंच सांगेन की मीटर उघडणं ही शेवटची पायरी आहे. बऱ्याचदा दोष मीटरच्या बाहेर असतो. गंजलेला अर्थ (बॉडीला जाणारा जोड), बुडालेला फ्लोट, वाळलेली केबल, मागच्या बाजूला सैल झालेली पिन, असंच काहीतरी निघतं. तिथे हात न घालता जो थेट काच उघडतो, तो चांगल्या मीटरलाच आजारी पाडतो.

आपल्याकडे जपल्या जाणाऱ्या गाड्यांत मॉरिस मायनर, एमजी, जुन्या अ‍ॅम्बेसेडर, हेराल्ड आणि कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेल्या फियाट नि पद्मिनी बऱ्याच. इंग्लिश गाड्यांचे मीटर बहुतांशी लंडनच्या स्मिथ्स कंपनीचे असत. काहींवर जेगर हे नाव दिसतं, तेही पुढे स्मिथ्सच्याच छत्राखाली होतं. इटलीत फियाटला मीटर पुरवायची ती वेलिया बोर्लेत्ती. नावं वेगळी असली तरी आतली तत्त्वं मोजकीच आहेत, आणि ती कळली की कुठल्याही डॅशबोर्डसमोर बसायची भीती जाते. पुढचे आकडे मी स्मिथ्सचे देतो, कारण त्यांची माहिती सर्वांत पक्की आहे. तुमच्या गाडीचे आकडे तिच्या मॅन्युअलवरून पडताळून घ्या.

काम सुरू करताना बॅटरीची एक वायर काढा. गाडीत अ‍ॅमीटर असेल तर ही गोष्ट विसरूच नका. जुन्या पद्धतीच्या अ‍ॅमीटरमधून जवळजवळ सगळ्या गाडीचा करंट जातो आणि त्याच्या मागच्या वायरींना बहुधा फ्यूज नसतो. त्या जागी पाना टेकला तर वायरिंग पेटायला वेळ लागत नाही. त्यानंतर मागच्या बाजूचे फोटो घ्या आणि प्रत्येक वायरला कागदी पट्टी बांधून त्यावर लिहा. साठ वर्षांत कापडी वेष्टणाच्या वायरींचे रंग सगळे तपकिरीच झालेले असतात. बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला जोडलंय तेही आत्ताच बघून ठेवा. पुष्कळशा जुन्या इंग्लिश गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असतो, आणि हे न बघता नवा इलेक्ट्रॉनिक भाग जोडला तर तो लगेच जळतो.

आता पेट्रोलचा मीटर. बॅटरी परत जोडा, इग्निशन चालू करा आणि काट्याकडे नीट बघा. काटा टुणकन उडी मारून जागेवर गेला तर तो जुन्या पद्धतीचा, दोन कॉइल्सच्या चुंबकावर चालणारा मीटर. सावकाश, अर्ध्या मिनिटाने आळस दिल्यासारखा वर सरकला, तर तो दोन धातूंच्या पट्टीचा, म्हणजे बायमेटलचा. आतली पट्टी करंटने तापते, वाकते आणि काटा ढकलते. ही ओळख महत्त्वाची, कारण दोघांच्या तपासण्या बरोबर उलट्या आहेत. टाकीवरच्या सेंडरची, म्हणजे आतल्या फ्लोटवरून पेट्रोलची पातळी मीटरला कळवणाऱ्या भागाची, वायर सोडवली, तर चुंबकाचा मीटर पूर्ण भरलेला दाखवतो आणि बायमेटलचा रिकामा. वायर काढल्यावर काटा असा जागेवरून हलला, तर मीटर जिवंत आहे, आता टाकीकडे चला.

बायमेटलच्या मीटरला आणखी एक जोडीदार असतो, व्होल्टेज स्टॅबिलायझर. काडेपेटीहून लहान अशी पत्र्याची डबी डॅशबोर्डच्या मागे कुठेतरी स्क्रूने लावलेली सापडेल. बॅटरीचा दाब वरखाली झाला तरी मीटरना सरासरी 10 व्होल्ट मिळत राहावेत हे तिचं काम. मूळ डबी हे काम आतला संपर्क सतत जोडून-तोडून करते, त्यामुळे तिथे मल्टिमीटर लावला तर आकडा स्थिर राहत नाही. तो दोष समजू नका. खरी खूण वेगळी आहे. पेट्रोल आणि तापमान हे दोन्ही काटे एकदमच जास्त दाखवू लागले किंवा एकदमच मेले, तर आधी या डबीवर संशय घ्या, आणि त्यातही डबीच्या अर्थवर. तिचा स्क्रू काढून खालचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत करून परत घट्ट बसवला की काही गाड्यांचं दुखणं तिथेच संपतं. डबी खरोखर गेली असेल तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर 7810 नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर अगदी स्वस्तात मिळतो. तो जुन्या डबीच्याच पोटात बसवला की बाहेरून सगळं मूळचंच दिसतं. मात्र तो निगेटिव्ह अर्थच्या गाडीसाठी आहे.

टाकीच्या बाजूला जाण्यापूर्वी मीटर खरं सांगतो का हे तपासता येतं. स्मिथ्सच्या बायमेटल मीटरसाठी सेंडरचा रोध टाकी रिकामी असताना साधारण 240 ओहम आणि भरलेली असताना 20 च्या आसपास असतो. सेंडरऐवजी सुमारे 240, 68 आणि 22 ओहमचे एक वॅटचे रेझिस्टर एकामागून एक लावा. काटा रिकामा, निम्मा आणि भरलेला या खुणांजवळ गेला पाहिजे. प्रत्येक वेळी काट्याला सावकाश पोचू द्या. सेंडरची वायर थेट बॉडीला टेकवून बघायची गॅरेजातली सवय या मीटरना घातक आहे, कारण आतली बारीक तार जळू शकते. सरळ 12 व्होल्ट देणंही तसंच.

मीटर बरोबर आणि तरी काटा खोटा, म्हणजे सेंडर. टाकीतून तो काढायचा तो उघड्या जागी, टाकी जवळपास रिकामी करून. आसपास विडी-काडी नको, चालू दिवाही नको. फ्लोट पितळी असेल तर तो कानाशी धरून हलवा. आत चुळबुळ ऐकू आली तर त्यात पेट्रोल शिरलंय. मी एका मॉरिसचा फ्लोट असाच हातात घेतला होता. बाहेरून सोन्यासारखा स्वच्छ, पण वजनाला जड. आधणाच्या पाण्यात बुडवला तर जोडाच्या रेषेवरून सुईच्या टोकाएवढे बुडबुडे एका जागीच येत राहिले, आणि मग पाण्यावर पेट्रोलची इंद्रधनुषी साय पसरली. भोक सापडतं ते असं. हा प्रयोगही विस्तवापासून दूर, पाणी आधी वेगळं तापवून आणूनच करायचा. आतलं पेट्रोल पूर्ण उडून गेल्याची खात्री नसताना त्याला डाग द्यायला जाऊ नका. नवा फ्लोट मिळत असेल तर तोच लावा.

फ्लोट बुचाच्या लाकडाचा असेल तर आजच्या काळात तो बदलाच. जुन्या बुचाच्या फ्लोटवर लाखेचा लेप असायचा, आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. आपल्या पंपांवरच्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. लेप सुटला की बूच पेट्रोल पितं, फ्लोट बुडतो, आणि टाकी भरलेली असतानाही काटा रिकामा दाखवत राहतो. इथेनॉल हवेतला ओलावाही ओढून घेतं, तेव्हा सेंडरच्या तारेवर हिरवट थर दिसला तर तोही हलक्या हाताने साफ करा.

स्पीडोमीटरची गोष्ट वेगळी, कारण त्यात वीज जोडलेली नाही. गिअरबॉक्समधून येणारी केबल एक चुंबक फिरवते. त्या चुंबकाभोवती, त्याला न शिवता, अ‍ॅल्युमिनियमची एक वाटी असते. फिरत्या चुंबकाने वाटीत भोवरा-प्रवाह तयार होतात, वाटी चुंबकामागे ओढली जाते, आणि केसासारखी बारीक कमान तिला मागे खेचून धरते. या ओढाताणीतून काटा ठरतो. जर्मन अभियंता ऑटो शुल्झ याने 1902 मध्ये या रचनेचं पेटंट घेतलं आणि पुढे जवळजवळ शतकभर जगातल्या गाड्या त्यावर चालल्या.

काटा थरथरतो, टकटक आवाज येतो, कमी वेगात झटके खातो, ही सगळी लक्षणं बहुधा केबलची. केबलची आतली तार बाहेर ओढा, रॉकेलने धुऊन सपाट टेबलावर सरळ ठेवा आणि दोन बोटांनी गोल फिरवा. कुठे पीळ पडला असेल तर तार तिथे उडी मारते. अशी तार सरळ करत बसू नका, नवी घ्या. पुण्यात नाना पेठेत जुनी तार नमुना म्हणून दाखवली तर त्या मापाची बनवून देणारे भेटतात. बसवताना केबलला कुठेही तीव्र वळण देऊ नका. ग्रीस मोजकं, आणि मीटरकडच्या वरच्या वीस सेंटिमीटरला अजिबात नाही. फिरणारी तार ग्रीसला स्क्रूसारखी वर चढवते, ते चुंबक नि वाटीमध्ये जाऊन बसतं, आणि मग चुंबक वाटीला सोबत घेऊनच फिरतो. गाडी वीसच्या वेगाने चाललेली असताना काटा शेवटच्या आकड्यावर जाऊन आपटत असेल, तर कारण बहुधा हेच.

स्मिथ्सच्या डायलवर खाली बारीक अक्षरात एक चार आकडी संख्या असते, 1280 किंवा 1376 अशी. तुमची गाडी एक मैल गेली की केबल किती वेळा फिरायला हवी ती ही संख्या. साठ मैलांचा वेग म्हणजे मिनिटाला एक मैल, तेव्हा केबल मिनिटाला 1280 फेऱ्यांनी फिरवली तर 1280 च्या मीटरवर काटा बरोबर 60 वर यायला हवा. वेग मोजता येणारी ड्रिल मशीन असेल तर ही परीक्षा घरच्या टेबलावर होते. दिशा आधी हाताने फिरवून बघा. अंतराचे आकडे उलटे जायला लागले तर तिथेच थांबा, जोर करू नका.

हा आकडा तुमच्या गाडीशी जुळतो का, हे बघायलाही खर्च नाही. मीटरकडून केबल सोडवा, तारेच्या टोकाला कागदी बाण लावा आणि गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून सपाट जमिनीवर बरोबर 20 मीटर ढकला. बाण 16 च्या आसपास फिरला, तर हिशेब मैलाला 1280 च्या जवळ येतो. कोणीतरी पूर्वी दुसऱ्याच गाडीचा मीटर लावला असेल, तर तो इथे पकडला जातो.

तेलाच्या दाबाच्या मीटरमध्ये 1849 साली युजीन बूर्दोंने शोधलेली वाकडी नळी असते. दाब वाढला की ती थोडी उलगडते आणि काटा फिरतो. ती सहसा बिघडत नाही. बिघडते ती इंजिनापासून येणारी बारीक पाइप. तिचे वॉशर बदला, आणि सायकलच्या पंपाने ओळखीचा दाब देऊन काटा तपासा.

तापमानाच्या जुन्या मीटरबद्दल मात्र काळजी घ्या. त्याच्या लांब, बारीक तांब्याच्या नळीत ईथर भरलेलं असतं आणि नळीसकट मीटर एकच नग आहे. ती कापली, मुरगळली किंवा फायरवॉलमधून ओढताना तुटली, की मीटर संपला. जास्तीची नळी मोठ्या वेटोळ्यांत गुंडाळून ठेवा. नळीला डाग द्यायचं आणि ईथर भरायचं काम घरी करू नये, ते पेट घेतं. तपासणीसाठी नळीचं टोक गरम पाण्यात धरा आणि शेजारी थर्मामीटर ठेवा. उकळतं पाणी म्हणजे 100 अंश हे गृहीत धरू नका. मुंबईत ते जवळपास खरं, पुण्यात पाणी 98 ला उकळतं आणि महाबळेश्वरला 95-96 च्या आसपास. काटा थोडा खाली दिसतो म्हणून चांगल्या मीटरला दोष द्यायची वेळ येऊ नये.

एवढं करूनही दोष आतच निघाला तर मीटर उघडावा. समोरचं कडं दोन प्रकारचं असतं. एकाला आतून तीन-चार कान असतात आणि ते फिरवून खाचांतून सुटतं. जुना रबर चिकटलेला असतो, म्हणून हेअर ड्रायरने कोमट करून मग फिरवा. दुसऱ्याची कड मागे वळवून दाबलेली असते. ती बोथट पात्याने गोलभर थोडी थोडी उचलायची, एका जागी पूर्ण नाही, नाहीतर कडेला कायमच्या लाटा राहतात.

काटा काढणं हा या कामातला सर्वांत नाजूक क्षण. स्पीडोमीटरचा काटा शून्यावर एका लहानशा खुंटीला टेकलेला असतो, पण कमानीला मुळात त्याच्याही खाली जायचं असतं. आधी काटा हलकेच उचलून खुंटीवरून पलीकडे सोडा. तो सावकाश खाली येऊन जिथे आपणहून थांबेल, तिथे डायलच्या बाहेर कागदी पट्टी चिकटवून बारीक रेघ मारा. परत बसवताना काटा त्याच रेघेवर ठेवायचा आणि मगच खुंटीवर आणायचा. ही रेघ मारायची राहून गेली तर मीटर कायमचा चुकीचा दाखवतो. डायलवर पोस्टकार्डाचा तुकडा ठेवून, दोन्ही बाजूंनी सारख्या जोराने काटा सरळ वर उचला. कमानीला चिमटा लागता कामा नये.

डायल पुसू नका, असंच मी आधी म्हणेन. मऊ ब्रश आणि घड्याळजीचा रबरी फुगा एवढ्याने बरीच धूळ जाते. त्यापुढे जायचंच असेल तर डिस्टिल्ड वॉटरने किंचित ओला केलेला कापूस कड्याखाली झाकल्या जाणाऱ्या काठावर आधी लावून बघा. रंग जरा जरी सुटला तर थांबा. स्पिरिट, थिनर, काच पुसायचं निळं पाणी, यातलं काहीही नको. पिवळी पडलेली अक्षरं त्या गाडीचं वय सांगतात, आणि नव्या छापील डायलपेक्षा मला ती कितीतरी सुंदर वाटतात. मूळ स्वरूपाला कायद्यातही आता किंमत आहे. 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंद करताना ती मूळ रूपात असणं अपेक्षित असतं.

काही डायल अंधारात चमकण्यासाठी रेडियमच्या रंगाने रंगवलेले असत. युद्धकाळातले विमानांचे मीटर यात प्रमुख, पण त्या काळातलं एखादं गाडीचं घड्याळही असू शकतं. चमक गेली म्हणजे रेडियम गेलं असं नाही. चमकणारा पदार्थ झिजतो, रेडियम मात्र 1600 वर्षांनी निम्मं होतं. मटकीच्या रंगाचे, खडबडीत, जाडसर आकडे दिसले आणि शंका आली, तर काच उघडू नका, खरवडू तर मुळीच नका.

आतल्या डबीचा पांढरा रंग दिव्याचा उजेड परतवण्यासाठी असतो. तो काळवंडला असेल तर पुन्हा पांढरा द्या, रात्री डायल उजळ दिसेल. त्यासाठी मोठ्या वॅटचा बल्ब लावू नका, उष्णतेने डायल भाजतो. एलईडी चालतील, फक्त अल्टरनेटर असलेल्या गाडीत चार्जिंगचा लाल दिवा मूळ बल्बचाच ठेवा, कारण त्याच्यातूनच अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट मिळतो. तेल द्यायचंच तर फिरत्या दांड्याच्या टेकूला, तेही टाचणीच्या टोकावरचं घड्याळाचं तेल. वाटीला, कमानीला आणि आकड्यांच्या चाकांना काही नाही. ती चाकं हातात आली की आकडा मागे नेण्याचा मोह होतो. तसं करू नका. होता तोच आकडा ठेवा आणि काम केल्याची तारीख गाडीच्या वहीत लिहा, पुढच्या मालकाला तेवढं खरं कळायलाच हवं.

काच बंद करताना आपल्या पावसाचा विचार करा. गॅस्केट नवं घाला आणि काम कोरड्या दिवशी करा, म्हणजे ओली हवा आत कोंडली जाणार नाही. सीलंट लागलाच तर व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन वापरू नका, त्याची वाफ तांब्या-पितळेला खाते.

मीटर जागेवर गेले की तेलाच्या पाइपचे जोड इंजिन चालू ठेवून कापडाने पुसून तपासा, मगच गालिचा अंथरा. मग मोकळ्या रस्त्यावर शेजारी कोणाला तरी मोबाइलवरचा जीपीएसचा वेग वाचायला बसवा. मैलांचा मीटर असेल तर 40 वर काटा असताना जीपीएसवर 64 किलोमीटर दिसायला हवेत. काटा सगळ्याच वेगांना सारख्या प्रमाणात जास्त दाखवत असेल, तर मीटर पुन्हा उघडण्याआधी टायर बघा. मूळ क्रॉसप्लाय काढून रेडियल घातले असतील तर चाकाची त्रिज्या कमी झालेली असते, आणि केबल तेवढी जास्त फिरते. अशा वेळी कमानीला हात लावू नका. 30, 40 आणि 50 ला खरा वेग किती, ते एका कार्डावर लिहून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा.